फुरशाचं सूत

त्या दिवशी सकाळी आबांनी मला एक कोडं घातलं. संध्याकाळ व्हायच्या आत त्याच कोड्यात माझ्या आईचा जीव अडकणार आहे, हे तेव्हा आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं.

आबा म्हणजे माझ्या आईचे वडील, डॉक्टर सरमळकर. कोकणात वेताळसड्यावर त्यांची प्रयोगशाळा आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. या सड्यावर दगड उचलावा तर खाली फुरसं असायचंच. फुरसं हा जेमतेम हातभर लांबीचा, मातकट रंगाचा साप. दिसायला किरकोळ, पण चावला तर माणसाला यमाच्या दारात नेऊन सोडणारा. फुरशाच्या विषातली प्रथिनं वेगवेगळी करायची आणि त्यांतलं एखादं औषध म्हणून उपयोगी पडतं का ते बघायचं, हे आबांचं काम. सुट्टी लागली की आई आणि मी त्यांच्याकडे राहायला येतो.

मी भित्री आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी चिडवायला नको. मला पालीची भीती वाटते, सुईची वाटते, आणि प्रयोगशाळेच्या बोळात फुरशांची जी खोली आहे तिच्यावरून तर मी कान झाकून पळत जाते. आतून करकर आवाज येत असतो. फुरसं चिडलं की वेटोळं करून अंगावर अंग घासतं, त्याचा तो आवाज.

तर कोडं. आबांनी प्लॅस्टिकच्या छोट्या बाटलीत थोडा रक्तद्रव (रक्तातल्या पेशी काढून टाकल्यावर उरणारं पिवळसर पाणी) घेतला. त्यात फुरशाच्या विषातून काढलेल्या एका प्रथिनाचा थेंब टाकला. थोड्याच वेळात ते पाणी खरवसासारखं घट्ट झालं. आबांनी बाटली उलटी धरली तरी एक थेंब सांडेना.

“बघितलंस, शालू? या विषानं रक्त असं थिजतं,” आबा म्हणाले. “आणि फुरसं चावलेल्या माणसाचं रक्त मात्र थिजायचंच विसरतं. नुसतं वाहत राहतं. विष तेच, रक्त तेच. मग असं उलटं का?”

मी डोकं खाजवलं. 

“संध्याकाळपर्यंत विचार कर,” आबा हसले. “आज मलाही सुट्टी आहे.”

त्या दिवशी खंडेनवमी होती. आबा देव फारसे मानत नाहीत, पण हत्यारं मानतात. ज्यांच्यावर आपलं पोट चालतं त्यांना वर्षातून एक दिवस विश्रांती द्यायला काय जातं, असं ते म्हणतात. त्या दिवशी प्रयोगशाळेतलं एकही उपकरण कोणी वापरत नाही. सगळी पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू आणि फुलं वाहायची. आमच्या बाबललासुद्धा कुंकू लागतं. बाबल हा आबांचा यंत्रमानव. साप धरायला त्याच्यासारखा कोणी नाही, कारण त्याला चावून सापाचेच दात दुखतात. आबांनी त्याला गावची मालवणी बोली शिकवली आहे. कोणाच्या घरात साप निघाला की बोलवायला येणारी माणसं तीच बोलतात ना.

“हत्यारं धुऊन पुसून मांड गं,” एवढं सांगून आबा आंघोळीला गेले. मी चिमटे धुतले, कात्र्या धुतल्या, साप धरायच्या आकड्या धुतल्या. मग माझं लक्ष फळीवरच्या नव्या खोक्याकडे गेलं. त्यात काचेच्या परीक्षानळ्या होत्या, प्रत्येक नळी वेगळ्या कागदात गुंडाळलेली. या बिचाऱ्यांनी काय पाप केलं, असं मला वाटलं. मी भांडी घासायच्या साबणानं एकेक नळी धुतली आणि मऊ फडक्यानं अशी पुसली की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. एका नळीचा काठ मात्र टवका उडालेला निघाला. फुटकी वस्तू पूजेत ठेवत नाहीत, म्हणून ती कागदातच ठेवून बाजूला सारली. बाबलनं ती लगेच उचलून नेली. पसारा त्याला खपत नाही.

पूजा झाली, जेवणं झाली. दुपारी आभाळ भरून आलं. परतीच्या पावसाचे ढग सड्यावर टेकले आणि लांब कुठेतरी गडगडायला लागलं. पाऊस येण्यापूर्वी दसऱ्याच्या तोरणाला फुलं आणते, म्हणून आई मागच्या गडग्याकडे (जांभ्या दगडांच्या कुंपणाकडे) गेली. तिथे कुरडूची फुलं खूप येतात.

मग तिची किंकाळी ऐकू आली. माझी आई पवनचक्क्यांच्या टोकावर चढून त्या दुरुस्त करते. तिला किंचाळताना मी कधीच ऐकलं नव्हतं. 

बाबल तिला उचलून घेऊन आला. तिच्या पोटरीवर लांब जखम झाली होती. दचकून मागे सरताना ती धारदार दगडावर आपटली होती. पण ती पायाकडे बघत नव्हती, उजव्या हाताकडे बघत होती. करंगळीच्या खाली दोन बारीक लाल ठिपके होते.

“फुलासाठी दगडाला हात टेकला,” ती म्हणाली. “काहीतरी चावलं, आबा. शेपूट तेवढं दिसलं. मातकट होतं.”

आबांचा चेहरा पांढरा पडला. पण आवाज शांत ठेवून ते म्हणाले, “वैजू, आडवी हो. हात अजिबात हलवू नकोस. काही आवळून बांधायचं नाही, चीर द्यायची नाही. बाबल, पायाची जखम दाबून धर. आणि रुग्णालयाला कळव.”

बाबलच्या छातीवरचा दिवा लुकलुकला. सकाळचं कुंकू अजून तिथे होतं.

“कळयलंय,” तो म्हणाला. “दरड इली, रस्तो बंद आसा. इजा थांबल्याबिगर उडती गाडी येवची नाय.”

जणू त्याचं बोलणं ऐकूनच सड्यावर वीज कडाडली आणि घरातले सगळे दिवे गेले. रक्त तपासायचं मोठं यंत्रही त्यांच्याबरोबर गेलं. बाबलच्या दिव्याच्या निळसर उजेडात आई आणखीच फिकट दिसायला लागली. मी तिचा डावा हात धरून बसले. धीर देण्यासाठी धरला होता, पण खरं तर मलाच धीर हवा होता.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आई आठ वर्षांची असताना तिला फुरसं चावलं होतं. तेव्हा आबांनीच तिला प्रतिविष (विषाला जखडून निकामी करणारं औषध) दिलं. विष उतरलं, पण औषधच अंगावर उलटलं. प्रतिविष घोड्याच्या रक्तातून मिळवतात. त्यातली प्रथिनं आपल्याला परकी असतात, आणि एखाद्याचं शरीर त्यांनाच शत्रू समजून थैमान घालतं. आईचा घसा सुजला, श्वास अडकला. ती वाचली, पण थोडक्यात. पुन्हा देण्याची वेळ आली तर काय होईल, या विचारानं आबांची अजून झोप उडते, असं आजी सांगायची.

म्हणजे विष असेल आणि औषध दिलं नाही, तर आई जाणार. विष नसताना औषध दिलं, तर औषधानंच जाऊ शकणार. हे मला कळत होतं आणि कळत नसतं तर बरं, असं वाटत होतं.

“आधी बघू तरी, विष आहे का,” आबा म्हणाले.

त्यांनी कपाटातून एक पट्टी काढली. त्यांच्याच प्रयोगशाळेनं बनवलेली. तिच्यावर चार ठिकाणी चार तऱ्हेची प्रतिपिंडं (परक्या वस्तूला ओळखून पकडणारी प्रथिनं) चिकटवलेली असतात. एक नागाच्या विषाला पकडतं, एक मण्यारीच्या, एक घोणशीच्या, एक फुरशाच्या. जे विष असेल त्या जागी रेघ उमटते. पाचवी रेघ नेहमीच उमटते. ती फक्त पट्टी नीट चालते आहे, एवढं सांगते. आबांनी चावलेल्या जागेवरचा आणि रक्ताचा एकेक थेंब पट्टीवर टाकला. पाचवी रेघ उमटली. बाकी चारही जागा कोऱ्याच राहिल्या.

“म्हणजे विष नाही!” मी म्हणाले.

“ही पट्टी अजून परीक्षेला बसलेली आहे, पास झालेली नाही,” आबा म्हणाले. “हिच्या एकटीच्या भरवशावर मी माझ्या मुलीला सोडणार नाही. जुनी परीक्षा करू.”

त्यांनी पाटावरच्या पूजेतली एक नळी उचलली. नळीवरचं झेंडूचं फूल खाली पडलं. विश्रांतीच्या दिवशी हत्यार उचलताना त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग आईच्या डाव्या हातातून थोडं रक्त काढून त्या नळीत घातलं आणि नळी उभी ठेवली.

“आता वीस मिनिटं हात लावायचा नाही,” ते म्हणाले. “धड माणसाचं रक्त तेवढ्या वेळात गोठतं. फुरसं किंवा घोणस चावली असेल, तर गोठत नाही.”

वीस मिनिटं किती मोठी असतात, ते त्या दिवशी मला कळलं. बाहेर पाऊस कोसळत होता. बाबल आईच्या पोटरीवरची घडी दाबून बसला होता आणि ती घडी हळूहळू लाल होत चालली होती. आई माझी बोटं मोजल्यासारखी एकेक दाबत होती. मी मनात देवाला सांगून ठेवलं की यापुढे मी पालीलासुद्धा काही बोलणार नाही.

वेळ झाली. आबांनी नळी तिरकी केली.

रक्त पाण्यासारखं वाहत एका बाजूला आलं.

 आबांनी नळी पुन्हा उभी केली आणि पुन्हा तिरकी केली, जणू दुसऱ्यांदा काही वेगळं दिसेल. ते पुन्हा वाहिलं.

“प्रतिविष द्यावं लागेल, वैजू,” ते म्हणाले.

“द्या मग,” आई म्हणाली. माझा हात मात्र तिनं घट्ट धरला.

आबांनी प्रतिविषाच्या कुप्या काढल्या. आत पांढरी भुकटी होती. त्यांनी त्यांत पाणी सोडलं आणि एक कुपी माझ्या हातात दिली. “तळहातांमध्ये हळूहळू फिरव. हलवू नकोस. फेस झाला की प्रथिनं बिघडतात.”

“का बिघडतात?” मी विचारलं. खरं तर मला रडू येत होतं, आणि रडण्यापेक्षा विचारणं बरं.

आबा सुई तयार करत होते. त्यांचा हात थरथरत होता. आई ते बघत होती. “सांगा तिला, आबा,” ती म्हणाली. “बोलायला लागलात की तुमचा हात स्थिर होतो.”

आबांनी एक लांब श्वास घेतला. “प्रथिन म्हणजे एक माळ असते, शालू. अमिनो आम्लं नावाच्या बारक्या बारक्या मण्यांची माळ. ती आपल्या आपण दुमडते आणि एक ठरावीक आकार घेते. आकार जसा, काम तसं. एखादं प्रथिन कात्रीसारखं कापतं, एखादं चिमट्यासारखं धरतं. फेसात सापडलं की त्याची घडी विस्कटते. मग ती नुसतीच माळ उरते, कामाची नाही.”

“आणि रक्त गोठवणारी?”

“ती तर सगळी रक्तातच झोपलेली असतात. दिवाळीच्या पहाटे घरात काय होतं? आधी एक जण उठतो. तो दुसऱ्याला हलवतो, दुसरा तिसऱ्याला. शेवटी सगळं घर उठतं. रक्तात तसंच. एक प्रथिन जागं होतं, ते पुढच्याला जागं करतं. शेवटी जागं होतं ते थ्रोम्बिन, ते असतं कात्रीसारखं. रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन विरघळलेलं असतं. कापसाचा पेळूच म्हण, अजून सूत न काढलेला. थ्रोम्बिन त्याची टोकं कापतं, की त्याचं सूत होतं. सुताचं जाळं विणलं जातं, जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि जखम बुजते.”

आबांचा हात खरंच स्थिर झाला होता. मी कुपी फिरवत होते.

“पण नळीत कुठे जखम असते? तिथे पहिल्याला कोण उठवतं?”

“काच उठवते,” आबा म्हणाले. “म्हणून तर ही परीक्षा काचेच्याच नळीत करायची, प्लॅस्टिकच्या नाही. रक्त काचेला भिडलं की काच पहिल्या प्रथिनाला चिमटा काढते. मात्र काच कोरी हवी. नवी, कोरडी, खोक्यातून काढलेली. तिच्यावर साबणाचा बारीकसा थर जरी राहिला, तरी चिमटा लागतच नाही. मग—”

माझ्या हातातली कुपी थांबली.  बोलावं तर आबा रागावतील, याची भीती नव्हती. भीती ही होती, की मी म्हणते ते चुकीचं असलं आणि माझ्यामुळे आबा थांबले, तर आई जाईल.

“आबा,” मी म्हणाले, “ती नळी मी साबणानं धुतली आहे. सगळ्याच धुतल्या आहेत. पूजेसाठी.”

आबा माझ्याकडे वळले. मग त्यांनी पाटावरच्या त्या चकचकीत रांगेकडे पाहिलं. सकाळी ‘वा, काय थाट आहे’ म्हणून त्यांनीच माझ्या पाठीवर थाप मारली होती.

“एकही कोरी नाही?” त्यांनी विचारलं.

“एक आहे. फुटकी.”

“फुटक्या काचांच्या डब्यात घातलंय,” बाबल म्हणाला. “बोळात आसा. पण मी हंयसून हललंय तर रगात येतला.”

त्याला जखमेवरून हात काढता येत नव्हता आणि आबा सुई सोडून जाऊ शकत नव्हते. डबा होता फुरशांच्या खोलीच्या दाराशी. उरले मी.

बोळात काळोख होता. भिंतीला हात लावत मी निघाले. गडगडाटानं फुरशी आधीच बिथरली होती. खोलीच्या आतून करकर, करकर असा एकसारखा आवाज येत होता, जणू कोणी लाकूड कापत बसलं आहे. दार बंद आहे, पेट्या बंद आहेत, हे मला माहीत होतं. भीतीला ते माहीत नव्हतं. मला कान झाकता येत नव्हते, कारण हात लागणार होते. मी चाचपडत डब्याचं झाकण काढलं. सगळ्यात वर कागद लागला. कागदासकट नळी उचलली आणि छातीशी धरून परत पळाले.

आबांनी नळी दिव्यासमोर धरली. काठाचा टवका उडाला होता, बाकी ती कोरडी आणि कोरी होती. आईचं रक्त पुन्हा काढून त्यांनी तिच्यात घातलं.

“पण थांबायचं का?” त्यांनी आईला विचारलं. “विष असलं तर ही वीस मिनिटं वाया जातील, वैजू. मला ठरवता येत नाही.”

आबांना ठरवता येत नाही, असं मी पहिल्यांदाच ऐकलं.

“माझ्या हिरड्यांतून रक्त येत नाही, चक्कर येत नाही,” आई म्हणाली. “पट्टी नाही म्हणते आहे. पोरगी सांगते आहे की नळी खोटी होती. थांबू या. काही बदललं तर लगेच द्या.”

आबांनी भरलेली सुई तिच्या उशाशी ठेवली. मग ते पुटपुटले, “नळी खोटी होती, याचाही पुरावा हवा. ज्याला काही चावलं नाही अशा माणसाचं रक्त धुतलेल्या नळीत घालून बघायला हवं. माझं चालणार नाही, मी रक्त पातळ ठेवायची गोळी घेतो.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नाही, हे मला कळलं.

मी बाही वर केली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. सुई दुखते. न दुखण्याच्या गोष्टी लोक उगाच सांगतात. पण ती लवकर संपते, हे खरं आहे.

आता टेबलावर दोन नळ्या उभ्या होत्या. फुटक्या नळीत आईचं रक्त, धुतलेल्या नळीत माझं.  आबा आईची नाडी धरून बसले. मध्येच आईनं डोळे मिटले. मी घाबरून “आई!” म्हणाले, तर ती म्हणाली, “जागी आहे गं. तुझ्या हाताला किती घाम आलाय.” बाबलनं पोटरीवरची घडी बदलली. पुन्हा लाल ठिपका उमटला आणि वाढत गेला. मला वाटलं, आम्ही चुकलो. मीच चुकवलं.

वेळ भरली. आबांनी आधी माझी नळी उचलली आणि तिरकी केली. माझं रक्त पाण्यासारखं वाहत आलं. मला काहीच चावलं नव्हतं, मी ठणठणीत होते, तरी ते वाहत होतं.

मग त्यांनी फुटकी नळी उचलली. हळूच तिरकी केली. रक्त हललं नाही. आणखी तिरकी केली. शेवटी उलटीच धरली. आईचं रक्त काचेला घट्ट धरून बसलं होतं.

आबांनी नळी खाली ठेवली, चष्मा काढला आणि ते रडायला लागले. आवाज न करता, लहान मुलासारखे. आईनं डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. मग मीही भोकाड पसरलं. इतका वेळ साठवलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

“पायातून रगात येताहा हजून,” बाबलनं आठवण करून दिली. त्याला रडण्यातलं काही कळत नाही.

आबा उठले. त्यांनी थंड पेटीतून एक मऊ पांढरी पट्टी आणली आणि आईच्या पोटरीवर दाबून बसवली. मी बघत राहिले. लाल ठिपका उमटला, वाढायला लागला आणि थांबला. आबांनी पट्टीचा कोपरा उचलून पाहिला. आत लालसर, चिवट साय धरली होती.

“ही कशाची?” मी विचारलं.

“सकाळचंच प्रथिन,” आबा म्हणाले. “फुरशाचं. विषातली मारणारी प्रथिनं वेगळी काढली आणि हे एकच घेतलं. थ्रोम्बिनसारखंच हे पेळूची टोकं कापतं, आणि त्याला कोणी उठवावंही लागत नाही.”

“मग मघाशीच का नाही लावलीत?”

“विष असतं तर काय उपयोग झाला असता? विचार कर. तुझं कोडं अजून सुटायचं आहे.”

मी त्या सायीकडे बघितलं. पेळू, सूत, जाळं. आणि एकदम सगळं लख्ख दिसलं.

“फुरसं चावलं की ते प्रथिन एका जागी राहत नाही,” मी म्हणाले. “अंगभर फिरतं. जिथे जखम नाही तिथेही सूत काढत सुटतं. बारीक बारीक, कामाचं नसलेलं. मग शरीर ते साफ करून टाकतं. आणि खरी जखम झाली की... पेळूच उरलेला नसतो. पट्टी तरी कशाचं सूत काढणार?”

“लग्नाच्या आदल्या दिवशीच कोणी सगळे लाडू वाटून टाकले, तर पंगतीत काय वाढणार,” आबा म्हणाले. “तसं. बाटलीत पेळू भरपूर होता, म्हणून तिथे थिजलं. माणसात तो संपतो, म्हणून वाहतं. कोडं सुटलं.”

विजा थांबल्यावर उडती रुग्णवाहिका सड्यावर उतरली. विष नसलं तरी साप चावलेल्या माणसाला रुग्णालयात नेऊन नजरेखाली ठेवायचंच, असा आबांचा नियम आहे. आई झोळीत आणि मी तिच्या बाजूला. खाली खाडी चमकत होती. भीती अजून गेली नव्हती, म्हणून मी आबांना बोलतं ठेवलं.

“तुमची ती विष ओळखणारी पट्टी खरं बोलत होती, आबा.”

“हो. मीच तिच्यावर विश्वास ठेवला नाही.” ते थोडे ओशाळले होते. “तरी एका बरोबर उत्तरानं पास होता येत नाही. अजून पुष्कळ लोकांवर तपासायला हवी. पण एक लक्षात ठेव. हृदयाला इजा झाली की हृदयातलं एक प्रथिन रक्तात सांडतं. मेंदूला मार बसला की मेंदूतलं सांडतं. आत काय बिघडलंय, त्याची रक्त चहाडी करत असतं. आपण ती ऐकायला शिकतोय. तू मोठी होशील तेव्हा अशीच एखादी पट्टी खूप आजारांची चहाडी वेळेवर ऐकेल. कदाचित तूच बनवलेली.”

“आणि पुढच्या वर्षी खंडेनवमीला नळ्या धुवायच्या नाहीत,” आई डोळे मिटूनच म्हणाली.

“नुसतं कुंकू लावू?”

“कुंकूही नको,” आबा म्हणाले. “नळ्यांना लांबून नमस्कार.”

दुसऱ्या दिवशी आम्ही सड्यावर परतलो. रुग्णालयातही आईच्या रक्तात विष सापडलं नाही. बाबलनं गडगा दगड दगड तपासला होता. त्यात त्याला एक कवड्या साप सापडला होता.

“ईख नाय तेका,” बाबल म्हणाला. “बिनविषारी. फुकटचो तरास दिल्यान.”

आई लंगडत आत गेली. तिच्या पोटरीवर ती पट्टी तशीच होती, आणि तिच्यावर नवा ठिपका एकही नव्हता. मी तिच्यामागून बोळात शिरले. फुरशांच्या खोलीपाशी आल्यावर सवयीनं माझे हात कानांकडे गेले. मी ते खाली घेतले.

दाराच्या काचेतून आतली पेटी दिसत होती. वाळूवर एक फुरसं वेटोळं करून बसलं होतं. मला बघून त्यानं अंगावर अंग घासायला सुरुवात केली. करकर, करकर. माझा एक पाय मागे सरला. मी भित्री आहे, हे मी आधीच सांगितलं आहे.

तरी मी पळाले नाही. तिथेच उभी राहिले आणि हात जोडून त्याला लांबून नमस्कार केला.